डहाणूच्या अंगणात हृदयतपासणी

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ 6 फेब्रुवारी 2013 रोजी सोनिया गांधी यांच्या हस्ते झाला, तो दिल्लीत नव्हे, पालघरला. पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यातला एक तालुका होता. वेगळा जिल्हा व्हायला 1 ऑगस्ट 2014 उजाडला. जन्मापासून अठराव्या वर्षापर्यंत मुलांमध्ये तीस प्रकारचे दोष आणि आजार शोधायचे, अशी ही योजना. त्या तिसांत जन्मजात हृदयदोषही होता.

दर हजार जन्मांमागे साधारण आठ-नऊ बाळांच्या हृदयात काही ना काही दोष असतो. याच भागातल्या डहाणू-तलासरीच्या पाड्यांवर बाळंतपण घरी, सुईणीच्या हातून होई, त्या काळीही अशी बाळे जन्मत असणारच. पण चार दिवसांत गेलेल्या तान्ह्याच्या छातीत काय बिघडले होते, हे कळायला मार्ग नव्हता. ‘पोट उडतंय’ एवढेच घरच्यांना दिसे.

आरोग्यखात्याची नजर मुलांवर आधी पडली ती शाळेत. वर्गातल्या तपासणीत स्टेथोस्कोपला हृदयाचा वेगळा आवाज लागे, पण शाळेपर्यंत पोचलेले मूल म्हणजे सौम्य दोष घेऊन तगलेले मूल. नव्या कार्यक्रमाने शाळेच्या आधीचे वय धरले आणि पथके अंगणवाडीत नेली. डहाणूला ही जागा परकी नव्हती. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 साली बोर्डीत सुरू केलेले काम 1957 मध्ये कोसबाडच्या टेकडीवर गेले. मूल शाळेत येत नसेल, तर शाळेने त्याच्या अंगणात जावे, हा प्रयोग त्यांनी याच वारली पाड्यांवर केला होता. आता त्याच वाटेने डॉक्टर, नर्स आणि औषधनिर्माता यांची गाडी येऊ लागली. अंगणवाडीत वर्षातून दोनदा, शाळेत एकदा.

तरीही सहा महिन्यांनी येणारी गाडी सर्वांत गंभीर बाळांसाठी उशिराच येते.

याचे कारण शरीरात आहे. गर्भात रक्त फुप्फुसांना वगळून एका जोडवाहिनीतून जाते. जन्मानंतर दोन-तीन दिवसांत ती मिटू लागते. काही दोषांत तीच वाट बाळाला जगवत असते. म्हणून पहिल्या दिवशी गुटगुटीत दिसलेले बाळ घरी गेल्यावर अचानक ढासळते. आशाताईच्या घरभेटी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी असतात. गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांनी उभ्या केलेल्या नवजात काळजीच्या पद्धतीतून ही रीत देशभर पसरली. पिताना दमणारे, कपाळावर घाम येणारे, वजन न धरणारे बाळ आशाताईने ओळखायचे असते. तिसरा दिवस नेमका त्या वाहिनीच्या मिटण्याच्या सुमाराला येतो.

रक्तात ऑक्सिजन कमी पडल्याने येणारा, पण डोळ्यांना न दिसणारा निळेपणा पकडायला यंत्र लागते. जपानच्या ताकुओ आओयागी यांनी 1974 मध्ये पल्स ऑक्सिमीटरचे तत्त्व मांडले. स्वीडनमध्ये या यंत्राने सुमारे 40 हजार नवजात बाळांवर झालेला अभ्यास 2009 मध्ये प्रसिद्ध झाला आणि 2011 मध्ये अमेरिकेने ही चाचणी नवजातांच्या शिफारशीत घेतली. चोवीस तासांनंतर बाळाच्या उजव्या हाताला आणि एका पायाला सेन्सर लावतात. ऑक्सिजनचा आकडा 90 टक्क्यांच्या खाली आला, की लगेच पुढची तपासणी. सावळ्या त्वचेवर ओठांचा निळेपणा उशिरा लक्षात येतो. यंत्रही अशा त्वचेवर कधी कधी प्रत्यक्षाहून जास्त आकडा दाखवते. कोविडच्या काळात, 2020 मध्ये, घरोघरी फिरणाऱ्या पथकांच्या हाती ऑक्सिमीटर आले. पण मोठ्यांच्या बोटाला लावायचा तो चिमटा नवजाताला चालत नाही. त्याच्या तळपायाला गुंडाळायचा वेगळा सेन्सर लागतो.

दोष सापडल्यावर प्रश्न अंतराचा. 2013 मध्येच लोकल डहाणू रोडपर्यंत आली. तिथून चर्चगेट सुमारे 124 किलोमीटर. परळचे वाडिया बालरुग्णालय 1929 पासूनचे, तर खारघरला मुलांच्या हृदयशस्त्रक्रिया मोफत होतात. राज्याची मोफत उपचारांची जीवनदायी योजना नोव्हेंबर 2013 मध्ये सर्व जिल्ह्यांत लागू झाली. तीच पुढे महात्मा फुले जन आरोग्य योजना झाली. तलासरीकरांना मात्र वापी आणि सिल्वासा जवळ पडतात. बाळंतपण राज्याच्या हद्दीपलीकडे झाले, की बाळाची नोंद तिकडे आणि घरभेट इकडे होते. दिवाळीनंतर आईबाप वीटभट्टीवर गेले, तर पुढच्या तपासणीची तारीख पाड्यावरच्या वहीत राहते आणि बाळ भट्टीवर असते.