दोन शिरूर आणि मोटारीचा धूर

शिरूरचा पत्ता सांगताना आम्हाला 'कासार' हा शब्द जोडावाच लागतो. नाही तर ऐकणारा पुणे जिल्ह्यातल्या घोडनदीच्या शिरूरला जाऊन पोचतो. त्या शिरूर तालुक्यात रांजणगावची औद्योगिक वसाहत आहे आणि तिथे मोटारी तयार होतात. आमच्या सिंदफणेकाठच्या शिरूरमधून दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला कोयते बाहेर पडतात. पाऊस कधी महिना महिना पाठ फिरवतो, तर कधी सप्टेंबर २०२५ सारखा मराठवाड्यातली शेते खरवडून नेतो. एखादा पाऊस हवामानबदलामुळेच पडला, असे छातीठोकपणे म्हणता येत नाही. पण तापलेल्या हवेत बाष्प अधिक मावते, आणि ती तापवण्यात मोटारींतून निघणाऱ्या कार्बन डायऑक्साइडचाही वाटा आहे. म्हणून त्या शिरूरची मोटार हा या शिरूरच्याही काळजीचा विषय.

मोटार कारखानदारांनी या प्रश्नाकडे कसे पाहिले? आपल्याकडे वादाला सुरुवात झाली ती दिल्लीच्या धुरावरून. १९९८ च्या अखेरीस टेल्कोने, म्हणजे पुढच्या टाटा मोटर्सने, पिंपरीत घडवलेली इंडिका लोकांपुढे आणली. देशी मोटार म्हणून तिचे कौतुक झाले, ते रास्तच होते. पण एप्रिल १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राजधानी परिसरात युरो-१ निकष त्याच जूनपासून आणि युरो-२ पुढच्या एप्रिलपासून लागू केले. डिझेलवर टीकेची झोड उठली. त्याच वर्षी दिल्लीच्या 'सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट' या संस्थेने डिझेलच्या दुष्परिणामांवर लिहिले, तेव्हा टेल्कोने तिला १०० कोटी रुपयांच्या बदनामीची नोटीस धाडली. धुराला उत्तर नोटिशीने देण्याचा तो प्रकार, कंपनीच्या लौकिकाला न शोभणारा.

डिझेलची बाजू मात्र अगदीच पोकळ नव्हती. डिझेलची गाडी लिटरमागे अधिक धावते, त्यामुळे किलोमीटरमागे कार्बन डायऑक्साइड कमी सोडते. युरोपनेही याच हिशेबाने तिला उत्तेजन दिले. पण काजळी आणि नायट्रोजनचे ऑक्साइड फुप्फुसात जातात, त्यांचे काय? २००९ पासून चाकणला कारखाना चालवणाऱ्या फोक्सवॅगनची लबाडी २०१५ मध्ये अमेरिकेत उघड झाली. चाचणी चालू आहे हे ओळखून तेवढ्यापुरता धूर कमी करणारी आज्ञावली गाडीतच बसवलेली होती! पुण्याच्या 'एआरएआय' या संस्थेने इथल्या गाड्या रस्त्यावर तपासल्या आणि डिसेंबर २०१५ मध्ये कंपनीने भारतातल्या सुमारे ३ लाख २३ हजार गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावण्याचे जाहीर केले.

पण सगळ्या कारखानदारांना एकाच मापाने मोजणे बरोबर नाही. बीएस-३ गाड्यांची विक्री १ एप्रिल २०१७ पासून थांबवायची की नाही, हा प्रश्न न्यायालयापुढे आला. तेव्हा कारखाने व विक्रेत्यांकडे ८ लाखांहून अधिक गाड्या पडून होत्या. त्या विकू द्या, असे बहुतेकांचे म्हणणे. पुण्याच्या बजाज ऑटोने मात्र बंदीची बाजू घेतली, कारण तिने आधीच नवे इंजिन आणले होते. ज्याची तयारी झाली, त्याला कडक नियम आवडू लागतो! पुढे बीएस-५ ची पायरी गाळून १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ आले. मुदत फार थोडी, अशी कुरबूर झाली. गाड्या मात्र वेळेवर तयार झाल्या.

हे सारे निकष विषारी धुराचे. कार्बन डायऑक्साइडला थेट मर्यादा आली ती २०१७-१८ मध्ये: कंपनीच्या मोटारींची सरासरी किलोमीटरमागे १३० ग्रॅम. २०२२-२३ पासून ती ११३ झाली. मधल्या काळात, २०२० मध्ये, इंडिकावाल्याच टाटांची विजेवर धावणारी नेक्सॉन बाजारात आली. ती रांजणगावची, म्हणजे त्या दुसऱ्या शिरूरची. पुढे २०२५ मध्ये तिसऱ्या टप्प्याच्या मसुद्यात लहान, हलक्या पेट्रोल मोटारींना सवलत सुचवली गेली. मारुतीला ती हवी होती. टाटा आणि महिंद्रा यांनी तिला विरोध केला. १९९९ ची नोटीस आठवणाऱ्याला गंमत वाटावी.

या मर्यादा फक्त प्रवासी मोटारींच्या. आमचे कोयते ज्या ट्रक-ट्रॅक्टरांतून फडावर जातात, ते या सरासरीत धरलेले नाहीत.