पगारातली एक बारीक ओळ

वडिलांची जुनी पगारपत्रके आवरताना एका ओळीवर नजर थबकली : व्यवसाय कर. वडील शाळेत कारकून. नोकरी करणाऱ्याला व्यवसाय कर कशासाठी, हा लहानपणचा प्रश्न पुन्हा आठवला. त्याचे उत्तर दुष्काळात सापडते.

मे १९७३ मध्ये महाराष्ट्रात सुमारे पन्नास लाख माणसे दुष्काळी कामांवर होती. मागेल त्याला काम देण्याची कल्पना वि. स. पागे यांनी त्याआधीच, १९६५ मध्ये, तासगाव तालुक्यातील विसापूरला अजमावली होती. ती राज्यभर न्यायची, तर पैसा हवा होता. तो उभा करण्यासाठी जे कर बसले, त्यांतला एक १९७५ चा व्यवसाय कर.

त्याची रचना साधी आहे. नोकरदाराचा कर मालक पगारातून कापतो आणि सरकारजमा करतो. कापायचा राहिला तरी भरण्याची जबाबदारी मालकाचीच. भविष्य निर्वाह निधीत मालक आपला वाटा घालतो, तसा येथे घालत नाही. मात्र धंदा चालवतो म्हणून स्वतःचा कर वेगळा भरतो. वकील, डॉक्टर, दुकानदार यांचा कर कापणारा कोणी नाही. त्यांनी स्वतः नोंदणी करून वर्षाची रक्कम भरायची.

राज्यघटनेच्या २७६ व्या कलमाने या कराला वर्षाला २५० रुपयांची मर्यादा घातली होती. १९८८ मध्ये ती २,५०० झाली. म्हणूनच पूर्ण कर भरणाऱ्याचे महिन्याला २०० आणि फेब्रुवारीत ३०० रुपये कापले जातात.

रोजगार हमी कायदा १९७७ चा. तो २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. करांतून जमेल तेवढीच भर राज्याने आपल्या तिजोरीतून हमीच्या निधीत घालायची, असे ठरले. त्यामुळे काम मागणे हा मजुराचा हक्क झाला. २००५ मध्ये केंद्राने देशासाठी असा कायदा केला, तेव्हा महाराष्ट्राचा हा अनुभव समोर होता.

वडिलांच्या पगारातून हा कर कापला जात होता, त्याच वर्षांत माझी मावशी गावच्या पाझर तलावावर मातीच्या पाट्या वाहत होती. दिवाळीला दोघे एका पंगतीत बसत. वडील कापलेल्या पैशांबद्दल कुरकुरत, मावशी हजेरीपटावर नाव राहून गेल्याचे सांगे. या दोन तक्रारींचा एकमेकींशी काही संबंध आहे, हे त्या पंगतीत कोणालाच ठाऊक नव्हते. मलाही ते कळले, तेव्हा सांगायला दोघांपैकी कोणी उरले नव्हते.