मुक्ती, माघार आणि कथन: यादवी युद्धोत्तर अमेरिका व तिची दोन मराठी वाचने

महात्मा जोतीराव फुले यांचा ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ १८७३ साली प्रसिद्ध झाला. अमेरिकेतील कृष्णवर्णीय गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या तेथील लोकांना तो आदरपूर्वक अर्पण केलेला आहे. मराठी समीक्षेत या अर्पणपत्रिकेचा निर्देश बहुधा जोतीरावांच्या विश्वव्यापी दृष्टीचा पुरावा म्हणून होतो, आणि ते योग्यच आहे. मात्र या निर्देशामागे एक गृहीतक असते. अमेरिकेतील मुक्ती ही तोवर पूर्ण झालेली घटना होती, असे ते गृहीतक होय. १८७३ साली अमेरिकेच्या दक्षिण भागात प्रत्यक्ष काय घडत होते हे पाहिले, म्हणजे ते टिकत नाही. यादवी युद्धाने मिळवून दिलेले स्वातंत्र्य त्या वर्षी पुन्हा पणाला लागलेले होते. त्या स्वातंत्र्याची उभारणी कशी झाली, त्याची माघार कशी घडली, या माघारीत कथनाचा वाटा कोणता होता आणि त्या प्रकाशात मराठीतील दोन वाचने कशी दिसतात, हा प्रस्तुत निबंधाचा विषय आहे.

एप्रिल १८६५ मध्ये दक्षिणेचे सेनापती रॉबर्ट ली यांनी ॲपोमॅटॉक्स येथे शरणागती पत्करली. त्यानंतर आठवड्याच्या आतच अध्यक्ष अब्राहम लिंकन यांची हत्या झाली. सहा लाखांहून अधिक माणसांचा बळी घेणाऱ्या या युद्धाने सुमारे ४० लाख गुलाम मुक्त झाले. परंतु ‘मुक्त’ या शब्दाचा अर्थ काय, हे युद्धाने ठरवले नव्हते. मुक्त झालेल्यांच्या दृष्टीने त्यात सर्वप्रथम जमीन येत होती. जानेवारी १८६५ मध्ये जनरल शर्मन यांनी काढलेल्या एका लष्करी आदेशान्वये दक्षिण कॅरोलिना व जॉर्जियाच्या किनारपट्टीवर प्रत्येक कुटुंबाला ४० एकरांपर्यंत जमीन देण्याचे ठरले, आणि सुमारे ४० हजार लोक तेथे स्थायिकही झाले. लिंकन यांच्यानंतर अध्यक्ष झालेल्या अँड्र्यू जॉन्सन यांनी त्याच वर्षी यांपैकी बहुतेक जमीन जुन्या मळेवाल्यांना परत करविली. पुढील सर्व घडामोडींवर या एका निर्णयाची छाया पडलेली दिसते. राजकीय हक्क आले, पण त्यांना आधार देणारी आर्थिक भूमी आली नाही.

डिसेंबर १८६५ मधील तेराव्या घटनादुरुस्तीने गुलामगिरी नष्ट केली, तथापि गुन्ह्याची शिक्षा म्हणून सक्तीचे श्रम करवून घेण्यास मुभा ठेवली. या मुभेतून पुढे कैद्यांना ठेकेदारांकडे कामाला जुंपण्याची प्रथा फोफावली. मिसिसिपीसारख्या राज्यांनी १८६५ च्या अखेरीस केलेल्या कायद्यांनी रोजगाराचा लेखी पुरावा जवळ नसलेल्या कृष्णवर्णीयाला भटक्या ठरवून दंड करण्याची आणि दंड न भरल्यास तो भरणाऱ्याकडे त्याला राबविण्याची तरतूद केली. या उद्दामपणामुळे उत्तरेतील लोकमत बिथरले. काँग्रेसने सूत्रे हाती घेऊन १८६७ मध्ये दक्षिणेतील दहा राज्ये लष्करी देखरेखीखाली आणली. १८६८ च्या चौदाव्या दुरुस्तीने नागरिकत्व व कायद्याचे समान संरक्षण दिले, तर १८७० च्या पंधराव्या दुरुस्तीने वंशाच्या कारणावरून मताधिकार नाकारण्यास मनाई केली.

यानंतरची काही वर्षे ही अमेरिकेच्या इतिहासातील विलक्षण वर्षे होत. काल जे मालमत्ता म्हणून विकले जात होते, त्यांतील काही जण विधिमंडळात बसले. १८७० मध्ये हायरम रेव्हेल्स हे मिसिसिपीतून सेनेटचे पहिले कृष्णवर्णीय सदस्य झाले. युद्धकाळात शत्रूचे जहाज पळवून स्वतःची व कुटुंबाची सुटका करून घेणारे रॉबर्ट स्मॉल्स पुढे प्रतिनिधिगृहात पोहोचले. पुनर्रचनेच्या या काळात सुमारे दोन हजार कृष्णवर्णीयांनी लहानमोठी सार्वजनिक पदे भूषविली. दक्षिणेतील राज्यांना सार्वजनिक शाळांची व्यवस्था याच काळातील नव्या राज्यघटनांनी दिली, आणि तिचा लाभ गरीब गोऱ्यांनाही झाला.

या परिवर्तनाला उत्तर मिळाले ते हिंसेने. १३ एप्रिल १८७३ रोजी, ईस्टरच्या दिवशी, लुइझियानातील कोलफॅक्स येथे सशस्त्र गोऱ्या जमावाने न्यायालयाच्या इमारतीचे रक्षण करणाऱ्या साठहून अधिक कृष्णवर्णीयांना ठार मारले; कित्येकांना तर ते शरण आल्यानंतर. या प्रकरणातील मोजक्या दोषींची शिक्षाही सर्वोच्च न्यायालयाने १८७६ मध्ये रद्दबातल केली. चौदावी दुरुस्ती राज्यांना बांधते, खाजगी व्यक्तींना नाही, असा त्यामागील एक युक्तिवाद होता. १८७६ च्या वादग्रस्त अध्यक्षीय निवडणुकीनंतर रदरफोर्ड हेस सत्तेवर आले आणि १८७७ मध्ये दक्षिणेतील शेवटच्या पुनर्रचनावादी सरकारांना असलेला लष्करी आधार काढून घेण्यात आला. मिसिसिपीच्या १८९० च्या राज्यघटनेने मतदान कर व वाचनपरीक्षा यांच्या साहाय्याने, वंशाचा उच्चारही न करता, पंधरावी दुरुस्ती निष्प्रभ केली. लुइझियानात १८९६ मध्ये नोंदलेले कृष्णवर्णीय मतदार १,३०,३३४ होते. १९०४ मध्ये ते १,३४२ उरले. दुरुस्तीचे शब्द मात्र राज्यघटनेत जसेच्या तसे होते.

शब्द शाबूत राहूनही त्यांतील आशय हरपतो, हे कसे घडले? बळजबरी हे त्याचे एक उत्तर आहे. पण केवळ बळजबरीला इतकी दीर्घ मान्यता मिळत नाही. युद्धाचा अर्थ सांगणाऱ्या कथनाकडे वळावे लागते ते येथे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस उत्तर व दक्षिण येथील गोऱ्यांत समेट झाला, तो दोन्ही बाजूंच्या शौर्याचा गौरव करून आणि युद्धाचे कारण असलेली गुलामगिरी दृष्टिआड करून. या समेटाने पुनर्रचनेचा काळ म्हणजे भ्रष्ट उत्तरी लोक आणि अडाणी कृष्णवर्णीय यांचा धुमाकूळ, असे चित्र रूढ केले. कोलंबिया विद्यापीठातील विल्यम डनिंग व त्यांचे शिष्य यांनी त्याला विद्वत्तेची प्रतिष्ठा दिली. टॉमस डिक्सन यांच्या ‘द क्लॅन्समन’ (१९०५) या कादंबरीने त्याला भावनिक बळ पुरविले, आणि तिच्यावर आधारलेल्या ग्रिफिथ यांच्या ‘द बर्थ ऑफ अ नेशन’ (१९१५) या चित्रपटाने ते देशभर पोहोचविले. राष्ट्राचा ‘जन्म’ येथे बुरखाधारी हल्लेखोरांच्या विजयातून होतो, ही बाब तौलनिक अभ्यासकाने लक्षात घेण्यासारखी आहे.

याच्या विरोधात उभे राहिलेले वाङ्मयही होते. उत्तरेकडून लढलेले आणि पुढे उत्तर कॅरोलिनात न्यायाधीश झालेले ॲल्बियन तुर्जे यांनी ‘अ फूल्स एरंड’ (१८७९) मध्ये पुनर्रचनेच्या अपयशाची मीमांसा केली. ‘वेगळे पण समान’ हे तत्त्व प्रस्थापित करणाऱ्या १८९६ च्या प्लेसी खटल्यात पराभूत बाजू मांडणारे वकीलही तेच होते. फ्रान्सिस हार्पर यांची ‘आयोला लेरॉय’ (१८९२) ही कादंबरी गुलामगिरीत ताटातूट झालेल्या कुटुंबांचा शोध हे आशयसूत्र घेऊन येते. कृष्णवर्णीयांच्या वृत्तपत्रांत हरवलेल्या नातलगांच्या शोधार्थ दिल्या जाणाऱ्या जाहिराती हे या सूत्राचे वास्तव होते. चार्ल्स चेस्नट यांनी ‘द मॅरो ऑफ ट्रॅडिशन’ (१९०१) मध्ये, विल्मिंग्टन येथे १८९८ साली निवडून आलेले नगरशासन सशस्त्र बळाने उलथविले गेले, त्या घटनेला कादंबरीरूप दिले. वाङ्मयीन गुणवत्तेत या कृती ‘द क्लॅन्समन’पेक्षा उण्या नव्हत्या. परंतु प्रसाराची साधने, विद्यापीठे व शालेय पुस्तके ही दुसऱ्या कथनाच्या हाती होती. डब्ल्यू. ई. बी. ड्युबॉइस यांनी ‘ब्लॅक रिकन्स्ट्रक्शन इन अमेरिका’ (१९३५) या ग्रंथाचे अखेरचे प्रकरण इतिहासलेखनातील याच प्रचाराच्या चिकित्सेला वाहिले. त्यांची मांडणी विद्यापीठीय इतिहासाच्या केंद्रस्थानी येण्यास १९६० चे दशक उजाडावे लागले.

या पार्श्वभूमीवर ‘गुलामगिरी’कडे पुन्हा पाहता येते. तिचे अर्पण अमेरिकेच्या मुक्तीला असले, तरी तिचा आशय वेगळ्याच गोष्टीत गुंतलेला आहे. धोंडिबा व जोतीराव यांच्या संवादातून मत्स्यापासून परशुरामापर्यंतच्या अवतारकथा तेथे जेत्यांच्या इतिहासाच्या रूपात उलगडल्या जातात. दास्य केवळ शस्त्राने टिकत नाही. जित जेव्हा जेत्याने रचलेली कथा आपली म्हणून सांगू लागतात तेव्हा ते टिकते, हे या ग्रंथाचे मर्म होय. अमेरिकेतील मुक्तीचा पाडाव पुढे ज्या मार्गाने पक्का झाला, त्याचे विश्लेषण करण्यास उपयुक्त ठरणारी दृष्टी अशा रीतीने तिच्या स्तुतीने आरंभ होणाऱ्या मराठी ग्रंथातच आढळते. जोतीरावांनी अमेरिकेचे भाकीत केले, असा याचा अर्थ नव्हे. अर्पणपत्रिका आणि ग्रंथ यांच्यात एक फलदायी ताण आहे, आणि आदर्शाच्या चौकटीत तो हरवतो, एवढेच येथे अभिप्रेत आहे.

दोन समाजांतील संबंध केवळ वैचारिक नव्हता. युद्धामुळे अमेरिकेचा कापूस अडला, तेव्हा मुंबईच्या बाजारात व खानदेश-वऱ्हाडच्या शेतांत तेजी आली. युद्ध संपताच १८६५ मध्ये ती कोसळली. पुढील दशकात दक्षिणेतील मुक्त झालेला मजूर वाट्याच्या शेतीत व दुकानदाराच्या उधारीत अडकला, तर १८७५ मध्ये सुपे येथून सुरू झालेल्या उठावात दख्खनच्या शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे जाळले. कारणे पुष्कळ अंशी स्थानिक होती, तरी बाजारपेठ एक होती.

दुसरे वाचन डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे. १९१३ ते १९१६ या काळात ते कोलंबिया विद्यापीठात शिकत होते. डनिंग तेव्हा तेथेच अध्यापन करीत होते. तरीही बाबासाहेबांनी त्या युद्धातून काढलेला निष्कर्ष डनिंगपंथाच्या अगदी उलट आहे. काँग्रेस व गांधी यांच्या अस्पृश्यविषयक कार्याची चिकित्सा करणाऱ्या १९४५ च्या ग्रंथात, यादवी युद्धानंतर कृष्णवर्णीयांच्या वाट्याला आलेली फसवणूक त्यांनी अस्पृश्यांसाठी इशारा म्हणून मांडली. संरक्षक तरतुदींवाचून मिळणारे स्वातंत्र्य बहुसंख्याकांच्या मर्जीवर राहते, हा त्यांचा मुद्दा होता. १९४६ मध्ये त्यांनी ड्युबॉइस यांच्याशी केलेला पत्रव्यवहारही याच जाणिवेतून आलेला आहे.

एकच युद्ध १८७३ मध्ये प्रेरणा म्हणून आणि १९४५ मध्ये इशारा म्हणून वाचले जाते. या दोन वाचनांत विरोध नाही. पहिले वाचन मुक्ती शक्य आहे असे सांगते. दुसरे तिला राखणे हे वेगळे व अधिक लांबचे काम आहे याची जाणीव देते. अमेरिकेत पंधराव्या दुरुस्तीतील अभिवचनाला परिणामकारक कायद्याचे बळ मिळण्यास १९६५ साल उजाडले, म्हणजे तब्बल ९५ वर्षे लागली. यादवी युद्धानंतरच्या समाजाचा अभ्यास करताना कायदे व निवडणुका यांच्या बरोबरीने कादंबऱ्या, पाठ्यपुस्तके व अर्पणपत्रिका हीदेखील इतिहासाची साधने मानावी लागतात, कारण या ९५ वर्षांतील पुष्कळसा व्यवहार त्यांच्यामार्फतच झाला.