पेटीवर लिहिलं होतं फक्त ‘जेबी ५५’, अमेरिकेतल्या ‘व्हॅम्पायर’ची ओळख पटायला २९ वर्षं लागली

१९९० सालची गोष्ट. अमेरिकेच्या कनेक्टिकट राज्यातल्या ग्रिसवोल्ड इथे खडीच्या खाणीजवळ काही मुलं खेळत होती. उतारावरच्या मातीत त्यांना माणसांच्या कवट्या सापडल्या. त्यातल्या एकाने धावत घरी जाऊन आईला सांगितलं, पण तिचा विश्वास बसेना. तेव्हा पोराने कवटीच काढून दाखवली.

पोलीस आले. त्या भागात तेव्हा एका सीरियल किलरचं प्रकरण गाजत होतं, त्यामुळे पहिला संशय त्याच्यावर गेला आणि जागा सील झाली. हाडं नीट पाहिल्यावर मात्र कळलं की ती शंभर वर्षांहून जुनी आहेत. मग राज्याचे पुरातत्त्वज्ञ निक बेलँटोनी यांनी काम हाती घेतलं. १८व्या आणि १९व्या शतकातल्या शेतकरी कुटुंबांची ही विसरली गेलेली दफनभूमी होती. इथे एकूण २९ जण पुरलेले सापडले, तेही अगदी साधेपणाने.

अपवाद फक्त चौथ्या कबरीचा. तिच्यावर दगडी लाद्या होत्या आणि आत लाल रंगाची शवपेटी. पेटीच्या झाकणावर पितळी खिळ्यांनी अक्षरं काढली होती, ‘जेबी ५५’. म्हणजे नावाची आद्याक्षरं आणि वय. पायांची हाडं जागच्या जागी होती, पण वरचा भाग पार विस्कटलेला. मुंडकं धडापासून वेगळं केलेलं. कवटी आणि मांडीची दोन हाडं छातीवर अशी ठेवलेली, की चाचे लोकांच्या झेंड्यावरचं चित्रच आठवावं. बरगड्याही मोडलेल्या होत्या. हे सगळं त्या माणसाच्या मृत्यूनंतर साधारण पाच वर्षांनी झालं होतं.

मेलेल्या माणसावर पाच वर्षांनी कुणाचा एवढा राग असेल? सुरुवातीला काहीच उलगडा होईना. कबर लुटली म्हणावं, तर शेजारच्या कबरींना धक्काही लागलेला नव्हता. उत्तराचा धागा मिळाला बरगड्यांवर. त्यांच्यावर फुप्फुसाच्या जुन्या आजाराच्या खुणा होत्या, बहुधा क्षयाच्या.

याच ग्रिसवोल्डमधल्या ज्युएट सिटी भागात १८५४ साली घडलेला एक प्रकार आधीपासून माहीत होता. रे नावाच्या कुटुंबातली माणसं क्षयाने एकामागून एक गेली होती आणि आणखी एक मुलगा आजारी पडला होता. तेव्हा घरच्यांनी आधी गेलेल्या भावांचे देह उकरून काढले आणि जाळले. कारण काय, तर मेलेलेच जिवंतांना खात आहेत.

क्षयाला तेव्हाच्या इंग्रजीत ‘कन्झम्प्शन’ म्हणत, म्हणजे खाऊन टाकणं. आपला ‘क्षय’ शब्दही झिजण्याचाच. धडधाकट माणूस महिनोन्‌महिने वाळत जातो, चेहरा पांढरा पडतो, खोकल्यातून रक्त येतं. एक जण गेला की काही काळाने त्याच घरातला दुसरा अंथरूण धरतो. क्षयाचे जंतू शरीरात वर्षानुवर्षं दबा धरून बसतात, हे तेव्हा कुणाला माहीत नव्हतं. रॉबर्ट कॉख यांनी हा जंतू शोधल्याचं जाहीर केलं ते १८८२ साली. त्याआधी अनेक डॉक्टर या रोगाला आनुवंशिक समजत. गंमत अशी की आजार एकाकडून दुसऱ्याकडे जातोय, हे अडाणी ठरवल्या गेलेल्या गावकऱ्यांनी बरोबर ओळखलं होतं. फक्त तो मेलेल्याकडून येतो, असं त्यांना वाटत होतं.

उपायही त्यातूनच निघाला. प्रेत उकरायचं, काळजात पातळ रक्त दिसलं तर ते काळीज जाळायचं. ‘जेबी’च्या पेटीत पाच वर्षांनंतर जाळायला काळीज उरलंच नसणार. म्हणून हाडांची जागा बदलून त्याला ‘उठता’ येणार नाही अशी सोय केली असावी, असं बेलँटोनी यांचं म्हणणं आहे. लोककथांचे अभ्यासक मायकल बेल यांनी न्यू इंग्लंड आणि आसपासच्या भागातल्या अशा सुमारे ८० घटना शोधून काढल्या आहेत.

त्यातली सगळ्यात गाजलेली घटना शेजारच्या ऱ्होड आयलंडमधल्या एक्झेटर गावची. जॉर्ज ब्राउन या शेतकऱ्याची बायको १८८३ मध्ये गेली, पाठोपाठ मोठी मुलगी. जानेवारी १८९२ मध्ये १९ वर्षांची मर्सीही गेली. मुलगा एडविन हवापालटासाठी कोलोरॅडोला जाऊन आला होता, पण त्याला उतार पडत नव्हता. जॉर्जचा स्वतःचा या प्रकारावर विश्वास नव्हता. तरी शेजारी मागे लागले आणि शेवटी त्याने होकार दिला. मार्चमध्ये तिन्ही देह तपासले. आई आणि थोरलीचा सांगाडा उरला होता. मर्सी मात्र जशीच्या तशी होती आणि तिच्या काळजात रक्त सापडलं.

त्यात नवल काहीच नव्हतं. तिला जाऊन दोनच महिने झाले होते, तेही कडाक्याच्या थंडीत. तपासणाऱ्या डॉक्टरने तसं सांगितलं आणि फुप्फुसात क्षयाच्या खुणा असल्याचंही सांगितलं. पण लोकांनी काळीज आणि यकृत जाळलं, आणि ती राख एडविनला औषध म्हणून पाजली. मे महिन्यात एडविनही गेला. कॉख यांच्या शोधाला तेव्हा दहा वर्षं झाली होती.

हे करणारे लोक स्वतः ‘व्हॅम्पायर’ हा शब्द सहसा वापरत नसत. त्यांच्या लेखी तो एक घरगुती उपाय होता. शब्द चिकटवला तो बाहेरच्यांनी, विशेषतः वर्तमानपत्रांनी. ‘ड्रॅक्युला’ लिहिणाऱ्या ब्रॅम स्टोकर यांच्या कागदपत्रांतही न्यू इंग्लंडमधल्या अशा घटनांवरचं १८९६ चं एक कात्रण सापडलं. मर्सीवरूनच ड्रॅक्युला सुचला असं मात्र म्हणता येत नाही, कारण कादंबरीचं काम त्याच्या कितीतरी आधीपासून चालू होतं.

‘जेबी ५५’ कोण होता, हे कळायला २०१९ साल उजाडलं. हाडांतल्या डीएनएमधला वडिलांकडून मुलाकडे जाणारा वाय गुणसूत्राचा भाग वंशावळींच्या डेटाबेसशी ताडून पाहिला, तेव्हा आडनाव मिळालं बार्बर. मग जुन्या कागदपत्रांत शोध सुरू झाला. १८२६ सालच्या एका वर्तमानपत्रात त्याच भागातल्या मृत्यूची छोटीशी बातमी सापडली. मृत मुलगा १२ वर्षांचा नेथन बार्बर, वडिलांचं नाव जॉन बार्बर. त्याच दफनभूमीत ‘जेबी’च्या जवळ आणखी एक पेटी सापडलेली होती. तिच्यावरही तशाच पितळी खिळ्यांची अक्षरं होती, ‘एनबी १३’.

२०२२ मध्ये डीएनए आणि कवटीवरून जॉनचा चेहराही तयार करण्यात आला. गोरा वर्ण, तपकिरी डोळे, काळसर केस आणि गालांवर थोडे वांग. हाडं आणखीही काही सांगतात. त्याच्या गळ्याजवळचं हाड कधीतरी मोडून वेडंवाकडं जुळलं होतं आणि गुडघा संधिवाताने धरलेला होता. तो बहुधा शेतात राबणारा, लंगडत चालणारा माणूस असावा.