संग्रह, साठा आणि रद्दी

ग्रंथालयशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात ‘संग्रह विकास’ नावाचा विषय असतो. कोणती पुस्तके घ्यायची, कोणती नाकारायची, अपुरा पैसा कशावर खर्च करायचा आणि जुनी पुस्तके कधी काढून टाकायची, हे सारे त्यात येते. ठाण्यातल्या वर्तकनगरला राहून मी हा विषय शिकते आहे. त्याची निम्मी शिकवण ‘संग्रह’ आणि ‘विकास’ या दोन शब्दांतच आहे, असे माझे मत झाले आहे.

‘संग्रह’ हा ‘ग्रह्’ म्हणजे धरणे, घेणे या धातूचा. ग्रहण, आग्रह, अनुग्रह, परिग्रह ही त्याचीच भावंडे. ‘सम्’ लागला की एकत्र आणि नीट धरणे हा अर्थ आला. गांधीजींच्या आश्रमाच्या एकादश व्रतांत ‘असंग्रह’ आहे आणि गीतेत ‘लोकसंग्रह’ हे ज्ञानी माणसाचे काम मानले आहे. स्वतःसाठी धरून ठेवणे आणि सगळ्यांसाठी एकत्र राखणे या दोन्हींना शब्द एकच. ग्रंथपालाने दुसरा अर्थ पत्करायचा असतो. ‘सम्’ सुटला की उरतो तो साठा. तो धान्याचा असतो, सिमेंटचा असतो, आणि पुस्तकांचाही होऊ शकतो.

‘विकास’ म्हणजे मुळात उमलणे. उमलताना फुलाच्या पाकळ्यांची संख्या वाढत नाही, त्या उघडतात. ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांनी १९३१ साली मांडलेल्या पाच सूत्रांपैकी शेवटचे सूत्र ग्रंथालयाला वर्धिष्णू म्हणते, पण पहिले सूत्र पुस्तके वापरासाठी आहेत हेच सांगते. नुसत्या नोंदवहीतल्या दाखल क्रमांकांची वाढ हा विकास नव्हे.

ठाणेकराला हा विषय शिकायला लांब जावे लागत नाही. पुढे ‘महाराष्ट्र सारस्वत’ हा वाङ्मयेतिहास लिहिणारे विनायक लक्ष्मण भावे विशीत असताना त्यांच्या पुढाकाराने १ जून १८९३ रोजी ठाण्यात मराठी ग्रंथ संग्रहालय सुरू झाले. त्याआधी रत्नागिरीत १८२८ पासून आणि कल्याणात १८६४ पासून ग्रंथालये होतीच. ठाण्याच्या संस्थेने मात्र स्वतःला वाचनालय म्हणवले नाही. मराठी, ग्रंथ, संग्रहालय: कोणत्या भाषेचे, काय आणि कशासाठी, हे तिन्ही पाटीवरच सांगून टाकले. आज आम्हाला ‘संग्रह धोरण’ पानेच्या पाने लिहायला शिकवतात. ते धोरण इथे नावातच आहे. पाच वर्षांनी, १८९८ साली, मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयानेही तसेच नाव घेतले.

वाचनालय आणि संग्रहालय यांतला हा भेद कामातही उतरतो. वसाहतीतल्या वाचनालयाने वर्षानुवर्षे कुणी न मागितलेली कादंबरी काढून नव्या पुस्तकाला जागा करावी, हे योग्यच. संग्रहालयाला तो नियम लागू नाही. कुणी न मागितलेले पुस्तकच कदाचित दुसरीकडे कुठे नसेल. संग्रह तपासण्याची एक जुनी आणि भरवशाची रीत म्हणजे तो एखाद्या प्रमाण सूचीशी ताडून पाहणे. शंकर गणेश दाते यांची १८०० ते १९३७ या काळाची ‘मराठी ग्रंथसूची’ त्यासाठी हाताशी आहे. काय आहे यापेक्षा काय नाही, हे तिच्यामुळे कळते.

पुस्तक येते तेव्हा ‘दाखल’ होते. हा शब्द अरबी, अर्थ आत येणारा. आपला ‘दाखला’ त्याच घरचा. पुस्तक जाते तेव्हा सरकारी कागदावर ‘निर्लेखन’ होते, म्हणजे नोंदवहीतून ते कमी केले जाते. बोलताना आम्ही ‘बाद केले’ म्हणतो. त्यापुढची पायरी रद्दी. ‘रद्द’ हाही अरबीच, अर्थ परतवणे, नाकारणे. म्हणजे रद्दी ठरण्याआधी कुणीतरी पुस्तक पाहून नाकारलेले असायला हवे. प्रत्यक्षात घराघरांतली पुस्तके न पाहताच किलोवर जातात.

वर्तकनगरच्या म्हाडा वसाहतीत जुन्या इमारतींचा पुनर्विकास होतो आहे. घर रिकामे करताना आजी-आजोबांचे कपाट निघेल. पोती भरण्याआधी लेखक, नाव, प्रकाशक आणि साल एवढी यादी करा. दिवाळी अंक, संस्थांच्या स्मरणिका, गावांचे इतिहासही तीत घ्या. ती यादी जवळच्या ग्रंथपालाला दाखवा, आणि काय घ्यायचे ते त्यांना ठरवू द्या.