जिनवाला स्पॉन्सर आणि बर्फातला बॅकअप

इंजिनिअरिंगला असताना कॉलेजच्या फेस्टिव्हलसाठी स्पॉन्सर गोळा करायचं काम एकदा माझ्या गळ्यात पडलं होतं. झेरॉक्सवाला, चष्मेवाला, क्लासवाले सर.. सगळ्यांचा प्रश्न एकच, "बॅनरवर आमचं नाव केवढं येणार?" तेव्हा फार चीड यायची. पण गेल्या महिन्यात जॉन रॉस नावाच्या एका ब्रिटिश कप्तानाबद्दल वाचलं, आणि त्याच्या स्पॉन्सरला मिळालेला 'बॅनर' बघून मी उडालोच.

थोडी पार्श्वभूमी सांगतो. अटलांटिकमधून कॅनडाच्या वरून आर्क्टिकमार्गे पॅसिफिकमध्ये जायची वाट, म्हणजे नॉर्थवेस्ट पॅसेज. ती शोधायला ब्रिटिश नौदलाने 1818 साली रॉसला 'इझाबेला' जहाज देऊन पाठवलं. लँकेस्टर साउंड नावाच्या सामुद्रधुनीत तो शिरला, समोर आडवी डोंगररांग दिसली, आणि 'रस्ता बंद' म्हणून तो परत फिरला. त्या डोंगरांना त्याने नौदलाच्या सचिवाचं, क्रोकरचं नावही देऊन टाकलं. पुढच्याच वर्षी पॅरी नावाचा दुसरा कप्तान त्या 'डोंगरां'मधून सरळ जहाज हाकत गेला! ते मृगजळ होतं. झालं, रॉसची लंडनभर छी थू. पुढची दहा वर्षं त्याला कुणी आर्क्टिकला जाऊ देईना.

सरकार पैसे देणार नाही हे दिसल्यावर तो गेला फेलिक्स बूथकडे. हा लंडनमधला जिनचा बडा कारखानदार. बूथचं उत्तर मला फार आवडलं. त्या वेळी ही वाट शोधणाऱ्याला ब्रिटिश पार्लमेंटने 20,000 पौंडांचं बक्षीस लावलेलं होतं. बूथ म्हणाला, बक्षीस आहे तोवर मी पैसे देणार नाही, लोक म्हणतील मी धंदा करतोय. 1828 मध्ये ते बक्षीस रद्द झालं आणि मग गड्याने थैली मोकळी केली. सतरा-अठरा हजार पौंड! म्हणजे जवळजवळ सगळाच खर्च.

रॉसला आता झकपक काहीतरी करून दाखवायचं होतं. बर्फात शिडावर विसंबून राहण्यापेक्षा वाफेवर चालणारं जहाज न्यावं, ही त्याची कल्पना. आर्क्टिकच्या शोधमोहिमेत असं आधी कुणी केलेलं नव्हतं. 'व्हिक्टरी' नावाची जुनी पॅडल स्टीमर घेतली, बर्फ आलं की पॅडलची चाकं पाण्याबाहेर उचलता येतील अशी सोय केली, आणि इंजिन बनवायला दिलं ब्रेथवेट आणि एरिक्सन या जोडीला. (हेच दोघे 1829 च्या रेनहिलच्या स्पर्धेत स्टीफन्सनच्या 'रॉकेट'विरुद्ध 'नॉव्हेल्टी' घेऊन उतरले होते. एरिक्सनने पुढे अमेरिकेत 'मॉनिटर' ही चिलखती युद्धनौका बांधली. म्हणजे माणसं कच्ची नव्हती.)

पण मे 1829 मध्ये निघाल्यापासूनच इंजिनाने रडायला सुरुवात केली. बॉयलर गळायला लागला. गळती बुजवायला त्यात शेण आणि बटाटे घालायचा सल्ला होता, तेही घालून झालं :) वेग ताशी जेमतेम तीन मैल. एका स्टोकरचा हात यंत्रात चिरडला, तो कापावा लागला. इथे मात्र हसू मावळतं. परतल्यावर रॉसने सगळं खापर इंजिनवाल्यांवर फोडलं. त्यावर ब्रेथवेटचं म्हणणं, जहाज आर्क्टिकला जाणार हे तुम्ही आम्हाला सांगितलंच कुठे? रॉसने ते गुपित ठेवलं होतं, आणि त्यांनी आपलं युद्धनौकेसाठी म्हणून इंजिन बनवलं! रिक्वायरमेंट लपवायची आणि डिलिव्हरीनंतर डेव्हलपरला शिव्या घालायच्या.. आपल्या धंद्यातल्या मंडळींना वेगळं सांगायला नको. माझं मत अर्थातच ब्रेथवेटच्या बाजूने.

त्या हिवाळ्यात जहाज बर्फात अडकलं आणि रॉसने इंजिन काढून किनाऱ्यावर टाकून दिलं. जहाज काही सुटलं नाही. एक हिवाळा, दुसरा, तिसरा. दोन उन्हाळ्यांत ते मोजके मैल सरकलं असेल. या मुक्कामात रॉसचा पुतण्या जेम्स 1 जून 1831 ला उत्तर चुंबकीय ध्रुवापर्यंत पोचला, हे मोहिमेचं खरं कमावलेलं यश. आणि माणसं जगली ती जवळपासच्या नेत्सिलिक इन्युइट लोकांमुळे. त्यांच्याकडून ताजं मांस आणि मासे मिळाले म्हणून स्कर्व्ही आटोक्यात राहिला. जहाजाच्या सुताराने त्यांच्यातल्या एका लंगड्या माणसाला लाकडी पाय करून दिला होता.

मे 1832 मध्ये जहाज सोडून सगळे पायी निघाले. कुठे? तर 'फ्युरी बीच'ला. पॅरीचं 'फ्युरी' जहाज 1825 मध्ये तिथे फुटलं होतं आणि त्यावरचं सामान किनाऱ्यावर उतरवून तसंच सोडलेलं होतं. रॉसने जाताना ते बघून ठेवलं होतं. जहाजाचा मागमूस नव्हता, पण मांसाचे, भाज्यांचे पत्र्याचे डबे शाबूत! तेव्हा डबे उघडायला ओपनर नसे, छिन्नी आणि हातोडा. महिनाभर बर्फ तुडवत ते तिथे पोचले. फ्युरीच्या होड्या दुरुस्त केल्या आणि निघाले, पण बर्फाने वाट अडवली. परत मागे. लाकडं आणि शिडाच्या कापडाची झोपडी, भोवती बर्फाची भिंत, नाव मात्र 'सॉमरसेट हाउस'. चौथा हिवाळा त्यात काढला. तो लाकडी पायवाला सुतार तिथेच गेला.

म्हणजे बघा, मुद्दाम बनवून घेतलेलं महागडं इंजिन निकामी, आणि जीव वाचवला तो दुसऱ्याने सात वर्षांपूर्वी टाकून दिलेल्या बॅकअपने.

26 ऑगस्ट 1833 ला होड्यांमधून त्यांना एक शीड दिसलं. ते जहाज वाऱ्यावर निघून गेलं. (त्या क्षणी काय वाटलं असेल!) काही तासांनी दुसरं दिसलं. ते थांबलं, होडी पाठवली. रॉसने जहाजाचं नाव विचारलं. 'इझाबेला'! 1818 चं त्याचंच जहाज, आता देवमासे मारणाऱ्यांचं झालेलं. मी जॉन रॉस, असं त्याने सांगितल्यावर होडीवरचा अधिकारी ऐकेचना. म्हणे कॅप्टन रॉस दोन वर्षांपूर्वीच मेले. चार वर्षांच्या दाढ्या आणि कातड्यांच्या चिंध्या बघून त्याचाही दोष नव्हता. एवढ्या सगळ्यात माणसं गेली फक्त तीन.

खलाशांचा चार वर्षांचा पगार द्यायला रॉसकडे पैसे कुठले? मोहीम खाजगी असूनही शेवटी नौदलाने तो दिला. रॉसला 'सर' मिळालं, बूथला 1835 मध्ये सरदारकी. आणि बॅनर? ॲटलस काढा. उत्तर अमेरिकेच्या मुख्य भूमीचं सर्वांत उत्तरेचं टोक ज्या द्वीपकल्पावर आहे, त्याचं नाव बूथिया. शेजारी बूथियाचं आखात. जहाजाचा पहिला मुक्काम फेलिक्स हार्बर, आणि बूथ लंडनचा शेरीफ होता म्हणून दुसरा शेरीफ हार्बर!

नेत्सिलिक लोकांच्या लेखी मात्र या सगळ्याचा अर्थ वेगळा होता. त्यांच्या भागात लोखंड दुर्मीळ. गोरे निघून गेल्यावर टाकलेल्या जहाजाचं लोखंड त्यांनी काढून नेलं आणि पुढे कितीतरी वर्षं त्याचे सुरे आणि भाल्यांची टोकं करून वापरली.

असो. पुढच्या शनिवारी भेटू.