चेंडूच्या वाटेंतील जनावर



पुणें जिल्ह्यांत घोड नदीच्या कांठीं इनामगांव नांवाचें एक खेडें आहे. १९६८ ते १९८३ या काळांत डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनीं तेथील पांढरीच्या टेकाडांचें उत्खनन केलें आणि ताम्रपाषाणयुगांतील एक सबंध वसाहत उजेडांत आणली. ख्रिस्तपूर्व सुमारें १६०० पासून ७०० पर्यंत तेथें शेतकरी नांदत होते. त्यांचीं घरें, चुली आणि मडकीं यांच्या अवशेषांबरोबर जनावरांचीं हाडेंहि विपुल मिळालीं. गाईबैल, शेळ्यामेंढ्या आणि कुत्रा हे त्या गांवकऱ्यांचे शेजारी होते. तात्पर्य, आपल्याकडील मोकळें रान निदान तीन हजार वर्षें एकट्या माणसाचें नव्हतें. तें जनावरांशीं वांटून घेतलेलें होतें.

अशा रानांत मुलें विटीदांडू खेळत आहेत असें समजा. टोला जोराचा बसला. विटी दूर जाणार एवढ्यांत ती चरणाऱ्या म्हशीच्या पाठीवर आपटून तेथेंच पडली. एक बाजू म्हणते, "टोला फिरून मारूं द्या", दुसरी म्हणते, "पडली तेथूनच मोजा." न्याय कोणाच्या बाजूचा? प्रश्न पोरवयाचा दिसतो. पण ज्या अपघातांत कोणाचाच अपराध नाहीं त्याचा तोटा कोणीं सोसावा, हा थोरांनाहि पडणारा पेंच त्यांत दडलेला आहे. गोल्फ नांवाच्या खेळानें या पेंचाचें लेखी उत्तर पावणेतीनशें वर्षांपूर्वीं दिलें. त्याचीच हकीकत आज सांगावयाची आहे.

गोल्फमध्यें लहानसा टणक चेंडू काठीनें टोलवीत दूरदूरच्या खळग्यांत घालावयाचा असतो. कमींत कमी टोल्यांत जो घालील तो जिंकला. सन १७४४ मध्यें स्कॉटलंडांतील एडिंबरो शहरानें या खेळाच्या स्पर्धेसाठीं एक रुपेरी काठी बक्षीस ठेवली. स्पर्धा म्हटली कीं नियम आले. जवळच्या लीथ येथें खेळणाऱ्या मंडळींनीं तेरा नियम लिहून काढले. या खेळाचे आज उपलब्ध असलेले सर्वांत जुने नियम ते हेच. त्यांतील दहाव्याचा आशय असा: माणूस, घोडा, कुत्रा किंवा अन्य कशानेंहि चेंडू अडला, तर तो जेथें पडला असेल तेथूनच पुढें खेळावा.

घोडा आणि कुत्रा यांचा नांवानिशीं उल्लेख कां झाला, तें त्या मैदानाकडे पाहिल्यावर कळतें. लीथचें मैदान म्हणजे गांवचें सामाईक कुरण होतें. खेळाडूला तेथें खेळण्याचा हक्क होता, इतरांस हुसकावण्याचा नव्हता. म्हणून कुत्रा आडवा आला तर तो वारा किंवा उंचवटा यांच्यासारखाच भूमीचा एक गुण मानावयाचा, असें त्यांनीं ठरविलें. पुढें सेंट अँड्रूज येथील मंडळींनीं १८१२ च्या नियमांत हेंच तत्त्व व्यापक केलें. चेंडूस अपघातानें जें कांहीं होईल तो मैदानाचा योगायोग समजून मुकाट्यानें सोसावें, असा त्याचा मथितार्थ.

परंतु या सोसण्यालाहि मर्यादा होती. सेंट अँड्रूजच्या नगरसभेनें कर्जाच्या ओझ्याखालीं १७९७ मध्यें तेथील मैदान हातचें घालविलें आणि लौकरच तें सशांची पैदास करणाऱ्या व्यापाऱ्यांच्या हातीं गेलें. सशांनीं जमीन पोखरून टाकली. आतां खेळाडूंनीं नशिबास बोल लावला नाहीं. ते न्यायालयांत गेले. दावा पार हाऊस ऑफ लॉर्ड्सपर्यंत पोंचला. अखेर १८२१ मध्यें जेम्स चीप या जमीनदारानें ती भूमी विकत घेतली, तेव्हां मैदान वांचलें. वाटेंत आलेला कुत्रा हा योगायोग. पण नफ्यासाठीं मुद्दाम सोडलेले ससे हा योगायोग नव्हे. एकांत दोष कोणाचाच नाहीं, दुसऱ्यांत सशाचा नसला तरी माणसाचा आहे. हा भेद त्या लोकांनीं नीट ओळखला होता.

हा खेळ आपल्या देशांत लौकर आला. कलकत्त्याचा क्लब १८२९ चा आणि मुंबईचा १८४२ चा. मुंबईकरांच्या नांवाचें, १८४५ सालचें एक रौप्यपदक सेंट अँड्रूजच्या इतिहासांत प्रसिद्ध आहे. पुण्यासहि येरवड्याच्या बाजूला गोल्फचें मैदान आहे. गंमत अशी कीं, जो नियम सामाईक कुरणावर जन्मला, तो येथें गोऱ्या साहेबांच्या राखीव हिरवळीवर येऊन पोंचला. प्रारंभीं हे क्लब मुख्यतः युरोपियनांचेच होते. कुत्र्याला आंत येण्याची मनाई करणें सोपें नव्हतें. माणसाला करणें मात्र सोपें होतें.

नियमांची मोठी फेरमांडणी २०१९ मध्यें झाली, तरी लीथचा गाभा कायम राहिला. धांवता चेंडू अकस्मात् जनावरास लागला तर दंड नाहीं आणि सवलतहि नाहीं. अपवाद आहे तो खळग्याभोंवतींच्या बारीक कापलेल्या हिरवळीचा. तेथून मारलेला चेंडू त्याच हिरवळीवर कुत्र्यामांजरास लागला, तर तो टोला रद्द समजून मूळ जागेवरून पुन्हां मारावयाचा; मुंगीकिड्यांना मात्र हा अपवाद लागू नाहीं. यांतील तर्क मला असा दिसतो: दोनशें यार्डांवर जाणारा चेंडू शेवटीं कोठें पडला असता हें कोणीहि सांगूं शकत नाहीं, पण चार हातांवरचा टोला पुन्हां जवळजवळ तसाच मारतां येतो. जेथें न्याय शक्य आहे तेथें न्याय, जेथें नाहीं तेथें सहनशीलता.

थांबलेल्या चेंडूचा विचार वेगळा. १९९८ मध्यें अमेरिकेंत फ्लॉरिडा येथील एका मोठ्या स्पर्धेंत एका खेळाडूचा हिरवळीवर स्थिरावलेला चेंडू एका समुद्रपक्ष्यानें चोंचींत धरून उचलला आणि पाण्यांत टाकला. त्या खेळाडूला दंड झाला नाहीं. पहिल्या जागीं दुसरा चेंडू ठेवण्यास मिळाला. कारण स्थिर चेंडूची जागा ठाऊक असते. धांवत्याची केवळ कल्पनेंत असते.

आपल्या लाडक्या क्रिकेटनें निराळी वाट धरली. २०२२ च्या नियमांप्रमाणें मैदानांत शिरलेल्या जनावरामुळें एखाद्या पक्षाचें नुकसान झालें, तर पंच तो चेंडू मृत ठरवितात. क्रिकेटचें मैदान आंखलेलें असतें, समोर प्रतिपक्ष असतो; एकाचें नुकसान तो दुसऱ्याचा लाभ. गोल्फचा खेळाडू मुख्यतः भूमीशींच झुंजतो, आणि भूमीवर फिर्याद कोण करणार?

आतां विटीदांडूच्या त्या भांडणाकडे वळूं. लीथच्या रीतीनें विटी पडली तेथूनच मोजावी. क्रिकेटच्या रीतीनें टोला फिरून मारावा. दोन्ही रीतींत न्याय आहे. अट इतकीच कीं, ती खेळापूर्वीं ठरलेली असावी, टोला बसल्यावर सोयीप्रमाणें निवडलेली नसावी. आणि एका गोष्टीबद्दल तर दोन्ही खेळांचें एकमत आहे: म्हशीला दंड कोणीच करीत नाहीं. रान आधीं तिचें आहे. आपण त्यांत घटकाभर खेळावयास आलेलों असतों.